सही कुठं करायची तेवढं सांगा की

शाळेच्या पालकसभेत सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य कुठलं, असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून सांगेन: "सही कुठं करायची तेवढं सांगा की." आमच्या बेळगावच्या बोलीतला तो शेवटचा 'की' विनंतीचा असतो, घाईचा असतो आणि थोडा सुटकेचाही. सही झाली की माणूस मोकळा. एक पाय दाराबाहेर, गाडीची किल्ली बोटात, आणि सभेच्या वहीत नाव. वही उघडून बघितली तर प्रत्येक सभा दणक्यात झालेली दिसते.

मी ज्या शाळेबद्दल लिहितोय ती बेळगाव शहराच्या कडेला आहे. तो भाग आता महापालिकेत आला असला तरी अजून गावासारखाच आहे, गल्ली गल्लीत गोठे आहेत. शाळा सरकारी, मराठी माध्यमाची, पहिली ते पाचवी. नाव मुद्दामच सांगत नाही, कारण पुढे काही जणांचे रागरुसवे येणार आहेत आणि ती सगळी मंडळी मला रोज रस्त्यात भेटतात. माझे बाबा आणि आत्या याच शाळेत शिकले. मी बीई झालो, बेंगळूरच्या कंपनीत लागलो, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आलो तो इथंच राहिलो. लेक आता चौथीत आहे. तिला इथं का घातलं हे लोक अजून विचारतात. शाळा घरापासून चालत सहा मिनिटांवर आहे, वर्गात बारा-तेरा मुलं आहेत आणि बाई चांगल्या आहेत, एवढं माझं उत्तर असतं. ते कुणालाच पटत नाही, तो भाग सोडा.

गेल्या वर्षी शाळेत ५७ मुलं होती आणि शिक्षक दोन. हा ५७ चा आकडा लक्षात ठेवा, तो परत लागणार आहे.

आधी थोडं कायद्याचं. कर्नाटकात सरकारी शाळांसाठी शाळा सुधारणा समिती २००१ पासून आहे. आमच्याकडं सगळे तिला एसडीएमसी म्हणतात. पुढे २००९ चा शिक्षणहक्क कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून देशभर लागू झाला. त्याच्या २१ व्या कलमात अशी समिती प्रत्येक सरकारी शाळेला बंधनकारक आहे. महाराष्ट्रात तिलाच शाळा व्यवस्थापन समिती म्हणतात. समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत आणि एकूण निम्म्या बायका हव्यात. काम काय? शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवायचं, शाळेचा विकास आराखडा करायचा, आलेला निधी कसा वापरला ते बघायचं. म्हणजे ही समिती शोभेची नाही. स्नेहसंमेलनाला खुर्च्या लावणारी मंडळी एवढाच तिचा अर्थ नाही.

इंदूर, बडोदा, हैदराबादकडच्या वाचकांची शाळा बहुधा एखाद्या जुन्या मराठी संस्थेची असेल. ती अनुदानित असेल तर तुमच्याकडं फरक आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं अनुदानित शाळांतल्या समितीचं काम फक्त सल्ला देण्याचं ठेवलंय. खासगी विनाअनुदानित शाळांना हे कलम लागूच नाही, तिथं पालक-शिक्षक संघ जसा चालवाल तसा. पण आमच्या शाळेत जे घडलं त्यातलं बरंचसं कायद्यामुळं घडलेलं नाही, त्यामुळं पुढे वाचायला हरकत नाही.

समितीत मी आलो तेव्हा पहिला प्रश्न होता, माणसं येत का नाहीत. बाहेरून बघणारा लगेच म्हणतो, पालकांना आस्थाच नाही. मला हे वाक्य ऐकलं की चीड येते. सभा ठेवलेली असायची कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता. आमचे निम्मे बाप उद्यमबागेत फाउंड्रीत, नाहीतर मशीन शॉपला. काही वडगावकडं लूमवर. बऱ्याच आया भांगलणीला, कुणी शहरात धुण्याभांड्याला. अकराच्या सभेला यायचं म्हणजे दिवसाची हजेरी बुडवायची. पाचशे रुपये बुडवून पंधरा मिनिटं सूचना ऐकायच्या आणि सही करायची, याला कोण येणार? मी तरी आलो असतो का? माझं बरं आहे, घरी बसून काम, अकराला मीटिंग नसली की मी मोकळा.

सभा रात्री घ्यावी तर बाईंचं काय? हेडबाई खानापूरकडून बसनं येतात, दुसऱ्या टीचर शहापूरहून. त्यांना रात्री आठला थांबा म्हणणं अन्यायाचं होतं आणि आम्ही ते म्हटलंही नाही. यातून वाट काढली ती आमच्या अध्यक्ष अक्कांनी. अक्का म्हशी पाळतात, पहाटे गल्लोगल्ली दूध घालतात. त्यांची नात शाळेत आहे, आईबाप कामासाठी बाहेरगावी असल्यामुळं पालक म्हणून त्याच. त्या म्हणाल्या, "सभा एकच कशाला पायजे? आधी गल्लीत बसू. तिथं भांडायचं ते भांडू. मग शाळेत जाऊन बाईंच्यासमोर शाण्यासारखं बोलू."

तेच आम्ही केलं. महिन्यातून एकदा रात्री आठ-साडेआठला, जेवणं झाल्यावर, एकेका गल्लीत कुणाच्या तरी कट्ट्यावर बसायचं. आठ-दहा घरं असतात. शिक्षक नसतात, त्यामुळं माणसं मोकळी बोलतात. तिथून निघालेल्या दोन-तीन गोष्टी शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, रीतसर सभेत मांडायच्या. त्या सभेला प्रत्येक गल्लीतून दोघं-तिघं आले तरी चालतं, कारण बाकीच्यांचं म्हणणं त्यांच्याकडं असतं. शनिवारी शाळा सकाळची असते, त्यामुळं बाईंनाही बसची घाई नसते. आधी सभेला नऊ-दहा जण यायचे. आता बावीस-तेवीस येतात. एकूण घरं चव्वेचाळीस आहेत, त्यामानानं बरं म्हणायचं.

पण खरी बैठक जमली ती सभेत नाही, स्वयंपाकघरात. दुपारच्या जेवणाला आमच्याकडं कन्नडमधला 'बिसी ऊट' हाच शब्द चालतो. मुलांना वाढण्याआधी अन्न चाखून बघावं, त्यात शिक्षकांबरोबर समितीतल्या पालकांनीही असावं, अशी नियमावलीत सोयच आहे. आमच्याकडं ती कागदावर होती. अक्कांनी आयांची पाळी लावली. रोज दोघी. ज्यांचं त्या दिवशी काम नसेल त्यांनी साडेबाराला यायचं, भात-सांबार चाखायचं, वहीत शेरा लिहायचा आणि पंगत उठेपर्यंत थांबायचं. लिहिता न येणाऱ्यांसाठी मुलगी किंवा मुलगा लिहितो, आई सांगते. पहिल्या आठवड्यात 'चांगले आहे' असे एकाच वळणाचे शेरे होते. तिसऱ्या आठवड्यात एकीनं लिहवून घेतलं, 'डाळ पातळ. उद्या बघणार.' दुसऱ्या दिवशी ती खरंच आली. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना आधी राग आला. मग त्यांच्या लक्षात आलं की गॅस वेळेवर येत नाही, भाजीचे पैसे कमी पडतात, या त्यांच्या तक्रारी पहिल्यांदाच कुणी ऐकून घेतंय.

अशाच एका पाळीत एका वहिनींच्या ध्यानात आलं की चौथी-पाचवीच्या मुली जेवल्यावर पाणी पीत नाहीत. तिखट लागलं तरी घोटभर पिऊन बाटली बंद. विचारलं तर हसून पळतात. शेवटी त्यांच्याच लेकीनं घरी सांगितलं. शाळेच्या संडासात पाणी येत नाही. वरची टाकी तडकलीय. मुलींना तिथं जायचं नसतं, म्हणून त्या सकाळपासून पाणीच टाळतात.

सभेच्या वहीत मागच्या दोन वर्षांत याबद्दल एक ओळ नव्हती. कशी असणार? सभा बापांची, अडचण मुलींची, आणि बाईंना माहीत असूनही त्या कुणाला सांगणार?

गल्लीच्या बैठकीत हे निघालं तेव्हा एक तरुण बाप भडकला. समग्र शिक्षा योजनेत ३१ ते १०० मुलांच्या शाळेला वर्षाला २५ हजारांपर्यंत अनुदान असतं, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात, हे त्यानं फोनवर वाचलं होतं. वाचलेलं बरोबरच होतं. शनिवारच्या सभेत त्यानं उभं राहून विचारलं, "पंचवीस हजार येतात, ते जातात कुठं?"

हेडबाईंचा चेहरा पडला. त्यांनी वही मिटली आणि म्हणाल्या, "माझा हिशोब वरचे साहेब बघतात. आता सगळं नियमानंच होऊ दे." त्यानंतर तीन आठवडे शाळेचं फाटक पालकांना बंद. चाखायची पाळी बंद. मुलांना सोडायचं आणि निघायचं. गल्लीत दोन तट पडले. बाई चोर आहेत असं कुणी म्हणालं नाही, पण म्हणायच्या बेतात होते. आणि बाई बदली मागणार अशी बातमी आली. दोन शिक्षकांच्या शाळेतून एक गेला की काय होतं ते ज्यानं बघितलंय त्यालाच कळतं. प्रशिक्षणाला, नाहीतर निवडणुकीच्या कामाला एकीला जावं लागलं तर दुसरी एकटी पाच वर्ग सांभाळते. सांभाळते म्हणजे व्हरांड्यात उभी राहून सगळ्यांना गप्प बसवते. माझी लेक त्या दिवसांना 'पाढ्याचा दिवस' म्हणते, कारण दिवसभर पाढेच.

मिटवलं कुणी? लूमवर काम करणाऱ्या एका मामांनी. मामा सातवीपर्यंत शिकलेत, सभेत कधी बोलत नाहीत. ते अक्कांना घेऊन बाईंच्याकडं गेले, मलाही बरोबर यायला सांगितलं. मला वाटलं होतं समजूत काढतील, माफी मागतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. बाकावर बसले आणि विचारलं, "बाई, या वर्षात तुमच्या पदरचे किती गेले ते सांगा आधी."

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी पर्समधनं एक लहान डायरी काढली. झेरॉक्स. बल्ब. झाडू आणि फिनेल. पाठ्यपुस्तकं केंद्रावरून शाळेत आणायची रिक्षा. पहिलीच्या मुलांना पाटी-पेन्सिली. मोटार दुरुस्तीचे अर्धे पैसे. बेरीज सहा हजारांच्या वर होती. अनुदान वर्षाच्या शेवटी शेवटी येतं, खर्च जूनपासून सुरू होतो, मधल्या काळात पैसे बाईंच्या पगारातले. आल्यावर त्यातले काही परत मिळतात, काहींची पावती नसते म्हणून मिळत नाहीत. हे त्या कुणाला सांगणार होत्या? सांगितलं तर रड वाटते, न सांगितलं तर संशय येतो.

मी कंपनीत दहा-अकरा वर्षं काढली. एखादी गोष्ट बिघडली की कुणाची चूक हे न शोधता काय घडलं ते शोधायचं, यावर आमच्याकडं मोठी मोठी प्रशिक्षणं होतात, बाहेरून वक्ते बोलावतात. मामांना ते एका वाक्यात येतं.

पुढच्या शनिवारी बाईंनी स्वतःहून व्हरांड्यातल्या जुन्या फळ्यावर तीन रकाने आखले. आले, गेले, उरले. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्या ते भरतात. रक्कम लहान असो, शून्य असो, लिहायची. येताजाता कुणीही वाचावं. टाकी आली. पाइप बसवायला एक बाप आला, तो प्लंबर आहे, त्यानं मजुरी घेतली नाही. फळ्यावर ते 'मजुरी: मिळाली' असं बाईंनी लिहिलंय, आणि ती नोंद पुसायची नाही असं मुलांनी ठरवलंय. तो भडकलेला तरुण बाप आता हिशोबाच्या उपसमितीत आहे. पावत्या जपून ठेवायचं काम त्याच्याकडं दिल्यापासून पावती नाही म्हणून बुडालेला खर्च जवळजवळ नाहीच.

दुसरी अडचण भाषेची. खात्याची परिपत्रकं कन्नडमध्ये येतात, राज्याची भाषा ती आहे, तसंच असणार. मुलं पहिलीपासून कन्नड शिकतात, आणि शिकावीच. पण आमच्या पालकांतल्या बऱ्याच जणांना बोललेलं कन्नड कळतं, छापलेलं कळत नाही. त्यामुळं समितीपुढं कागद आला की वाचायचा प्रश्नच नसायचा, थेट सहीच. 'सही कुठं करायची' याचं मूळ बरंचसं यात आहे. न वाचता येणाऱ्या कागदावर माणूस दुसरं काय करणार?

आता नियम एवढाच आहे की मोठ्यानं वाचल्याशिवाय सही नाही. मी किंवा टीचर कन्नडमधून वाचतो आणि तिथल्या तिथं मराठीत सांगतो. सभेला न आलेल्यांसाठी मी फोनवर मिनिटभर बोलून पाठवतो: कागद कशाबद्दल आहे, शेवटची तारीख काय, कुणी काय करायचं. लिहून पाठवत नाही, बोलून पाठवतो. लूमच्या आवाजात वाचायला कुणाला वेळ नसतो, पण चहाच्या सुट्टीत फोन कानाला लावता येतो. आजी-आजोबाही ऐकतात. शिष्यवृत्तीच्या अर्जाची तारीख यंदा एकाही घरानं चुकवली नाही.

इथं दोघा-तिघा मित्रांनी सुचवलं की शाळेसाठी एक ॲप कर. ॲप बनवणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, म्हणून ठामपणे नको म्हणालो. चव्वेचाळीस घरांना ॲप लागत नाही. व्हॉट्सॲपचा गट आहे, त्यात सकाळी देवाचे फोटो आणि फुलं टाकायची नाहीत एवढी एकच अट आहे, आणि तीही सणाला मोडते. ठरलेलं काम, करणाऱ्याचं नाव आणि तारीख, हे सभेच्या वहीच्या शेवटच्या पानावर असतं. पुढची सभा त्याच पानानं सुरू होते. काम झालं असेल तर त्यावर रेघ मारायची. ती रेघ ज्याचं त्यानं येऊन मारायची असते, यात माणसांना काय आनंद होतो ते बघण्यासारखं असतं.

पैशाबद्दल एक सांगायलाच हवं. ऑक्टोबर २०२२ मध्ये कर्नाटकात एक आदेश निघाला होता की एसडीएमसीनं पालकांकडून ऐच्छिक म्हणून महिना शंभर रुपये घ्यायला हरकत नाही. इतका गदारोळ झाला की काही दिवसांतच तो मागं घ्यावा लागला. मला गदारोळ योग्यच वाटतो. ऐच्छिक वर्गणी शाळेत ऐच्छिक राहत नाही. ज्याच्या बापानं दिली नाही ते पोर दुसऱ्या दिवशी बाकावर आखडून बसतं, कुणी काही बोललं नाही तरी. म्हणून आमच्या समितीत पालकांकडून रोख घ्यायचं नाही असं ठरलंय. काम द्या, वस्तू द्या. बाहेरच्या कुणाला, माजी विद्यार्थ्याला द्यायचे असतील तर शाळेच्या खात्यात, पावती घेऊन, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर. यातून दोन पंखे आणि गोष्टीच्या पुस्तकांचं एक कपाट आलं. मुंबईतल्या एका माजी विद्यार्थ्यानं देणगीच्या बदल्यात वर्गावर वडिलांचं नाव मागितलं, तेव्हा अक्कांनी त्यांना फोनवर शांतपणे सांगितलं, "नाव फळ्यावर लिवतो की, महिनाभर." त्यांनी पुढे फोन केला नाही.

आता त्या ५७ कडे येतो. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी शिक्षकांची संख्या ठरलेली आहे. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. ६१ ते ९० ला तीन. ९१ ते १२० ला चार. स्वतंत्र मुख्याध्यापक तर १५० च्या वर. म्हणून आमच्या हेडबाई हेडबाई असूनही दिवसभर वर्गावरच असतात, कागदपत्रं बसमध्ये करतात. आमची शाळा ५७ वर. चार मुलं वाढली तर तिसऱ्या शिक्षकाची मागणी करायला कायद्याचा आधार मिळतो. पद मंजूर होणं आणि त्यावर माणूस येणं यात अंतर असतं हे मान्य, पण मंजूर पद रिकामं राहिलं तर अतिथी शिक्षक तरी मागता येतो. पद नसेल तर मागायचं काय? आणि उलट बाजूनं, मुलं अशीच घटत गेली तर शाळाच राहत नाही, हे आजूबाजूच्या गावांत आम्ही बघितलंय. मुलांची नोंद ३० सप्टेंबरच्या पटावर धरतात. म्हणजे ३० सप्टेंबरला पटावर ६१ हवेत.

चार ऐकायला सोपं वाटतं. पण पाचवीतून ११ मुलं बाहेर पडणार होती. राहणार ४६. म्हणजे पंधरा नवी मुलं पाहिजेत.

मुलं जातात ती पहिलीत जात नाहीत, तीन-चार वर्षांची असतानाच जातात. इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी बस गल्लीत येते, एलकेजीला घालतात, आणि एकदा गेलेलं पोर पहिलीला परत येत नाही. म्हणून फेब्रुवारीत आम्ही अंगणवाडीपासून सुरुवात केली. यादी करायला सॉफ्टवेअरवाला मी होतो, पण यादी खरी अक्कांच्या डोक्यात होती. कुणाच्या घरी किती दूध वाढलं यावरून त्यांना पोरं कळतात. त्यांनी चुलीपुढं बसून एकवीस नावं सांगितली, वयासकट.

मग घरोघर. एका घरात तरुण बाप म्हणाला, "मराठीत शिकून पुढं काय करायचं?" हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. इथं मराठी शिकलेल्या पोराला पुढं कन्नड लागतं, इंग्रजी लागतं, आणि सरकारी नोकरीत दोन्ही. मी त्याला भाषेच्या अभिमानाबद्दल काहीच बोललो नाही. त्याला शनिवारी शाळेत बोलावलं. तिसरीतली मुलं मराठीतली गोष्ट वाचून कन्नडमध्ये सांगत होती. मोडकंतोडकं, पण न घाबरता. टीचरनी ते मुद्दाम त्या दिवसासाठी केलेलं नव्हतं, दर शनिवारचंच होतं. तो बराच वेळ दारात उभा होता. जाताना म्हणाला, "तुमची खरंच हितंच आहे होय?" लेक पुढच्याच बाकावर होती, तिनंच हात वर केला.

त्यानं मुलाला घातलं. सगळ्यांनी घातलं नाही. एका वहिनींनी स्पष्ट सांगितलं, जावेची मुलं टाय लावून जातात, माझी अशी कशी पाठवू? त्यांना मी काय उत्तर देणार? त्यांच्या घरातलं ते त्यांनाच माहीत.

जूनमध्ये पहिलीला १४ मुलं आली. वरच्या वर्गांत बाहेरून ३. एकूण ६३. त्या दिवशी हेडबाईंनी मुलांना शिरा केला, आणि साखर कुणाकडून आली हे फळ्यावर लिहिलं.

ऑगस्टमध्ये दोन भावंडं गेली. बापाला गोव्यात काम लागलं, घरच उचलून गेलं. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक मुलगी आजोळी गेली, आई आजारी होती. ३० सप्टेंबरला पटावर ६०.

साठ. गल्लीत दोघांनी सुचवलं की त्या मुलीचं नाव महिनाभर राहू दे, कोण बघतंय. हेडबाई काही बोलायच्या आत मामा म्हणाले, "मग त्या फळ्याचं काय करायचं?" विषय तिथं संपला.

तिसरं पद मिळालं नाही. डीएड झालेली आमच्याच गल्लीतली एक मुलगी आठवड्यातून तीन दिवस पहिलीच्या वर्गात बसते. पैसे देत नाही, आणि हे फार दिवस चालणार नाही हे आम्हाला माहीत आहे, चालूही नये. तिला नोकरी लागायला हवी.

यंदा पाचवीतून ९ जातील. म्हणजे ५१ राहतील, दहा हवेत. गोव्याला गेलेलं कुटुंब मेमध्ये परत येईल असं त्यांची आजी सांगते, पण ते आम्ही धरलेलं नाही. अक्कांच्या यादीत सध्या १७ नावं आहेत. सहा घरी जाऊन आलो. उरलेल्यांपैकी चार घरं अक्कांच्या दुधाच्या वाटेवरची आहेत, तिथं त्या पहाटे एकट्याच बोलणार आहेत, इंजिनिअरला बरोबर आणू नका असं त्यांनीच सांगितलंय. बाकीच्या सात घरांसाठी या रविवारी संध्याकाळी सहाला मारुतीच्या देवळापुढं जमायचं ठरलंय. वहीच्या शेवटच्या पानावर सात नावांपुढं सात जणांची नावं लिहिलेली आहेत. माझ्या वाट्याला टाय लावणाऱ्या मुलांच्या काकूचं घर आलंय. त्यांची धाकटी यंदा सहा वर्षांची होते.